लिस्बन, बाबांचा गुडघा आणि ट्रामचे रूळ

लोकलमध्ये असाल, भांडी घासत असाल, नाहीतर जिमच्या नावाखाली नुसतंच चालत असाल, तर आजचा भाग चालण्याबद्दलच आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतो. आई-बाबांना युरोप दाखवायचाय, पण ग्रुप टूरची धावपळ नको आणि गाइडचं इंग्लिश त्यांना कळत नाही. मग आपणच फोनवर मार्ग आखून, चालत चालत शहर दाखवता येईल का?

येतं. पण मी ते आधी पूर्ण चुकीचं केलं, आणि आज ते चुकलेलंच सांगणार आहे. (वाचणाऱ्यांसाठी: बोलताना घेतलेले "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" निम्मे तरी काढून टाकलेत.)

मी दोन वर्षं जर्मनीत नोकरी करतेय. एप्रिलमध्ये आई, बाबा आणि माझा धाकटा भाऊ लातूरहून आले. चार दिवस लिस्बनला जायचं ठरलं, कारण विमान स्वस्त होतं. बाबा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. सिव्हिलचा डिप्लोमा, सगळं आयुष्य बांधकामाच्या साइटवर गेलं, उजवा गुडघा कामातून गेलेला. आईचे पाय उत्तम, पण तिचा संयम बाबांच्या गुडघ्याइतकाच.

पहिल्या दिवशी माझ्या फोनवर एकोणीस पिना होत्या. एकोणीस! रील्स बघून सेव्ह केलेल्या. नदीकाठच्या मोठ्या चौकातून किल्ल्यापर्यंत नकाशाच्या ॲपने वेळ दाखवली वीस मिनिटांच्या आतली. मी म्हटलं, हे काय, आपल्या गंजगोलाईत भाजी घ्यायला जाण्यासारखं आहे. आता हे लक्षात घ्या, लिस्बन स्वतःला सात टेकड्यांचं शहर म्हणवतं. किल्ला ज्या टेकडीवर आहे ती नदीपासून सुमारे १०० मीटर उंच आहे. सपाट नकाशावर ती उंची दिसतच नाही. ॲप आपल्याला अल्फामा नावाच्या जुन्या वस्तीतून नेतं आणि तिथे गल्ली म्हणजेच जिना. एक जिना संपला की वळण, आणि वळणावर दुसरा जिना.

तिसऱ्या जिन्यावर बाबा बसले. रागाने नाही, नुसते बसले. म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी बघतो इथूनच." मी म्हटलं, "बाबा, फक्त सहा मिनिटं राहिली आहेत." तेव्हा आई जे बोलली ते मी अजून विसरलेले नाही. "अगं, आम्ही शहर बघायला आलोय का तुझ्या मोबाईलच्या मागं पळायला?"

आम्ही टॅक्सी करून खोलीवर आलो. एकोणीसपैकी चार पिना झाल्या होत्या. बाबांनी गुडघ्याला बाम लावला आणि कुणीच कुणाशी फार बोललं नाही.

त्या रात्री मी सगळा मार्ग पुसला. पहिला विचार सोपा आला: उलटं करू. वर टॅक्सीने जाऊ आणि उतरत येऊ. हे मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "उतरताना गुडघा जास्त बोलतो गं." आणि बरोबरच होतं ते. ज्यांच्या घरी गुडघ्याचा त्रास आहे त्यांना माहीत असेल, जिना उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड जातं. त्यात लिस्बनचे फूटपाथ. पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या बेसॉल्टचे छोटे छोटे हाताने बसवलेले दगड, त्यांची सुंदर नक्षी, आणि वर्षानुवर्षं पायाखाली घासून काचेसारखे झालेले. पाऊस पडला की विचारूच नका. चप्पल किंवा गुळगुळीत सोल असेल तर नक्षी फक्त जवळूनच बघायला मिळते, म्हणजे पडून.

मग प्रश्न चढ की उतार असा नाही, तर जिना की रस्ता असा आहे. आणि याचं उत्तर रस्त्यातच होतं: ट्रामचे रूळ.

लिस्बनची पिवळी २८ नंबरची ट्राम तुम्ही फोटोंमध्ये पाहिली असेल. तिच्यात गर्दी इतकी असते की बसण्यापेक्षा खिसा सांभाळण्यातच वेळ जातो, त्यामुळे आम्ही तिच्यात बसलोच नाही. पण ट्रामला पायऱ्या चढता येत नाहीत. म्हणजे जिथे रूळ आहेत तिथे जिना नाही. चढ असेल, कधी चांगलाच असेल, पण सलग असेल. ट्रामच्या मागे मागे चालत गेलात तर बाबांच्या गुडघ्याला चालणारा रस्ता आपोआप सापडतो. फक्त अरुंद वळणांवर भिंतीला चिकटून उभं राहा, कारण तिथे ट्राम आणि माणूस दोघांना पुरेल इतकी जागा नसते.

आणखी दोन युक्त्या मला त्याच रात्री सापडल्या. खालच्या सपाट भागातल्या रुआ दुश फॅन्केइरुश या रस्त्यावर एका साध्या इमारतीत लिफ्ट आहे, फुकट. ती वरच्या रस्त्याला सोडते. तिथून थोडं पुढे शाओ दु लोरेइरू या पार्किंगच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, तीही फुकट, आणि ती तर किल्ल्याच्या टेकडीवर बरंच वर नेते. दुसरी युक्ती म्हणजे बायशा-शियादू मेट्रो स्टेशन. त्याचं एक दार खाली आहे आणि दुसरं टेकडीवर. मध्ये लांबच लांब सरकते जिने. स्थानिक लोक मेट्रोत न बसता नुसते वर जायलाही ते वापरतात.

आणि शेवटची गोष्ट, जी तुम्हाला पॉडकास्ट ऐकणारी माणसं म्हणून आवडेल. इंग्लिश ऑडिओ गाइड आई-बाबांच्या कानात घालून उपयोग नव्हता. मग रात्री अंथरुणात बसून मी सहा व्हॉइस नोट रेकॉर्ड केल्या. मराठीत, प्रत्येकी दोन मिनिटं, एका ठिकाणाला एक. फॅमिली ग्रुपवर टाकल्या. एकोणीस पिनांच्या जागी सहा. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवला, आणि प्रत्येक ठिकाणी बसायला कुठे जागा आहे हे आधी फोटोंमध्ये शोधलं. जागा नसेल तर ते ठिकाण बाद.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला टॅक्सीने पोर्तास दु सोल. हा डोंगराच्या कडेवरचा चौक आहे. समोर लाल कौलं आणि त्याच्याखाली टेजो नदी, इतकी रुंद की आईला ती समुद्रच वाटली. इथे संत व्हिन्सेंटचा पुतळा आहे आणि त्याच्या हातात जहाज. जहाज आणि दोन कावळे ही लिस्बन शहराची निशाणी आहे. भावाने दिवसभर खांबांवर, गटाराच्या झाकणांवर कावळे शोधले. मुलं सोबत असतील तर त्यांना असं काहीतरी शोधायला द्या, ती तक्रार करायची विसरतात. (माझा भाऊ एकवीस वर्षांचा आहे, पण तत्त्व तेच.)

दोन मिनिटांवर सांता लुझिया चर्च. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं एक मोठं चित्र आहे. त्यात नदीकाठचा तोच मोठा चौक, पण १७५५च्या आधीचा. काठावर राजवाडा, त्याचा बुरूज, पाण्यात जहाजं. मी सगळ्यांना म्हटलं, हे चित्र नीट बघून ठेवा, तासाभराने आपण त्याच जागी उभे असणार आहोत. आणि तिसरी व्हॉइस नोट लावायला सांगितली.

त्या नोटमध्ये मी जे सांगितलं होतं ते थोडक्यात तुम्हालाही सांगते. १ नोव्हेंबर १७५५, सकाळी साडेनऊच्या सुमाराला लिस्बनला भयंकर भूकंप झाला. केंद्र अटलांटिक महासागरात होतं. आजचे अभ्यासक त्याची तीव्रता साडेआठच्या आसपास धरतात. तो सर्व संतांचा सण होता. लोक चर्चमध्ये होते, वेदीवर मेणबत्त्या होत्या, घरोघरी चुली पेटलेल्या होत्या. इमारती पडल्या. लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले, आणि थोड्या वेळाने तिथे त्सुनामीच्या लाटा आल्या. मग आग लागली, ती पाच-सहा दिवस जळत राहिली. राजवाडा गेला. त्याच वर्षी उघडलेलं ऑपेरा हाउस गेलं. राजा जोसे पहिला त्या वेळी शहराबाहेर बेलेंला होता म्हणून वाचला, पण नंतर तो दगडी छताखाली राहायला तयार होईना. त्याच्यासाठी लाकडी महाल बांधावा लागला.

बाबांनी ती नोट दोनदा ऐकली. मग फोन खिशात ठेवला आणि बराच वेळ त्या टाइल्सकडे बघत राहिले. मला वाटलं गुडघा दुखतोय.

तिथून रुळांच्या मागे मागे खाली. मध्ये कॅथेड्रल लागतं, ज्याला तिथे नुसतं 'से' म्हणतात. ११४७मध्ये ख्रिश्चन राजाने शहर जिंकल्यानंतर ते बांधायला घेतलं. बाहेरून ते किल्ल्यासारखंच दिसतं. आम्ही आत पाच मिनिटं बसलो आणि निघालो. त्याच्या खाली, नदीजवळ, काझा दुश बिकुश म्हणजे टोकांचं घर. सगळ्या दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड. हे घर १५२३मध्ये बांधलं ब्राश द अल्बुकर्कने, म्हणजे ज्या आफोन्सू द अल्बुकर्कने १५१०मध्ये गोवा घेतला, त्याच्या मुलाने. आपल्या हापूसचं नाव त्याच आफोन्सूवरून आलं असं मानतात. हे सांगितल्यावर आईने त्या घराचा एकही फोटो काढला नाही. म्हणाली, "आंबा आपला आणि नाव ह्याचं!"

आईची गंमत खरं तर त्यानंतर सुरू झाली. एका छोट्या कॅफेत बसलो. (टॉयलेटसाठी सगळ्यात सोपा उपाय हाच. एक कॉफी घ्या, तिला तिथे बिका म्हणतात, आणि निवांत जाऊन या.) बाबांनी सवयीने "चहा" म्हटलं, तर काउंटरवरच्या बाईने मान हलवली आणि चहा आणला. पोर्तुगीजमध्ये चहाला 'शा' म्हणतात. काचेच्या पेटीत समोसे, नाव 'शामुसा'. ते आपल्या बाजूनेच तिथे गेलेत. पाव तर पावच. मग आईने भावाच्या फोनवर एकेक शब्द विचारायला सुरुवात केली. चावीला 'शाव', बादलीला 'बाल्द', साबणाला 'साबांव', कोबीच्या कुळातल्या भाजीला 'कोव', अननसाला 'अननाश'. आणि बिल द्यायच्या वेळी शेजारचा माणूस 'पागार' असं काहीतरी म्हणाला. पैसे देणे, चुकते करणे. आई इतकी हसली की बाईने तिला एक नाटा, म्हणजे कस्टर्डची पेस्ट्री, फुकट दिली. हे कुठल्याही टूरमध्ये मिळालं नसतं, कारण टूरला तिथे चाळीस मिनिटं बसायची परवानगीच नसते.

मग प्रासा दु कोमेर्सियू. टाइल्सच्या चित्रातला तोच चौक. राजवाडा कुठेच नाही. त्याजागी पिवळ्या इमारतींच्या तीन बाजू, चौथी बाजू नदीला उघडी, मध्ये घोड्यावर तोच जोसे राजा. कमानीतून आत शिरलं की सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते. या भागाला बायशा म्हणतात. सकाळच्या वाकड्यातिकड्या अल्फामानंतर इथे एकदम कुणीतरी पट्टी ठेवून रेघा मारल्यासारखं वाटतं. आणि मारल्याच होत्या. राजाचा मंत्री, ज्याला पुढे पोम्बालचा मार्क्विस म्हणून ओळखू लागले, त्याने ढिगारा सपाट करून सगळं नव्याने आखायला लावलं. मॅन्युएल द मायिया हा म्हातारा लष्करी इंजिनिअर प्रमुख होता. रस्त्यांना धंद्यांची नावं दिली, सोनारांचा, चांदीचा, चांभारांचा.

इथे बाबा थांबले. म्हणजे गुडघ्यामुळे नाही. "भिंत कशाची?" त्यांनी विचारलं. माझ्या व्हॉइस नोटमध्ये एवढंच होतं की भिंतींच्या आत लाकडी पिंजरा आहे, त्याला 'गायोला' म्हणतात. म्हणजे उभे-आडवे लाकडी वासे, मध्ये फुलीसारखे तिरके वासे, आणि मधल्या जागेत दगड-चुना भरलेला. भूकंपात दगड निखळले तरी सांगाडा लवतो आणि घर उभं राहतं. प्रतिकृती बनवून तिच्याभोवती सैनिकांना धाडधाड चालायला लावून चाचणी घेतली होती असं सांगतात. बाबा म्हणाले, "काश्मीरमध्ये धज्जी देवारी असते, तसंच हे." मला धज्जी देवारी हा शब्दच तेव्हा पहिल्यांदा कळला.

सरकत्या जिन्याने वर शियादूला आणि तिथून सावकाश कार्मोला. कार्मो हे १३८९मध्ये सुरू झालेल्या मठाचं चर्च. १७५५ला त्याचं छत कोसळलं आणि ते पुन्हा कधी पूर्ण झालंच नाही. आज आत गेलात तर दोन्ही बाजूंना उंच खांब, वर कमानी, आणि कमानींच्या वर थेट आकाश. छत असायला हवं तिथून पक्षी उडतात. आत छोटं म्युझियम आहे. भाऊ पेरूच्या ममी बघायला पळाला. तिकीट लागतं आणि रविवारी बंद असतं, तेवढं बघून जा.

बाबा एका दगडी पायरीवर बसले. मी शेजारी बसले आणि सवयीने घड्याळ बघितलं. अजून एक पिन बाकी होती.

"किल्लारीला आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो होतो," ते म्हणाले.

मला हे माहीत नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं, हे लातूरच्या प्रत्येक घरात पाठ असतं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लोक विसर्जन करून रात्री उशिरा झोपले होते. पण बाबा तिथे गेले होते हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा ते डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. दहा-बारा मुलं ट्रकमधून गेली, हातात फावडी. तिकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जड थर. उन्हाळ्यात गार, म्हणून सगळ्यांना अभिमान. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं होतं. "काही घरांत नुसते लाकडी खांब उभे होते," ते म्हणाले, "भिंत नाही, छप्पर नाही. खांब तेवढे. मला तेव्हा कळेना की हेच कसे राहिले." मग हात वर करून कार्मोच्या कमानींकडे दाखवलं आणि पुढे काही बोलले नाहीत.

आम्ही तिथे तासभर बसलो. आई आली, तीही बसली. शेवटची पिन मी पुसून टाकली.

बाहेरच्या चौकाबद्दल माझी एक व्हॉइस नोट होती, ती भावाने ऐकली. २५ एप्रिल १९७४ला हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान मार्सेलू कायतानू याच चौकातल्या बरॅकमध्ये लपला होता आणि इथेच त्याने सत्ता सोडली. बंदुकीच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोवली होती. गोवा १९६१लाच मुक्त झाला होता, पण भारताचा गोव्यावरचा हक्क पोर्तुगालने मान्य केला तो या क्रांतीनंतर, १९७४मध्येच. आम्ही गेलो तेव्हा २५ एप्रिल नुकताच होऊन गेला होता आणि दुकानांच्या काचांमध्ये अजून लाल फुलं होती.

तिसऱ्या दिवसासाठी बाबांनी स्वतः एक पिन टाकली. आयुष्यात पहिली. बायशामध्ये रुआ दुश कोर्रेइरुश या रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन केलेली जागा आहे, फुकट दाखवतात, तिथलाच माणूस सोबत फिरतो. वर रोमन काळातल्या मासे खारवायच्या टाक्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोम्बालच्या इमारती ज्यांच्यावर उभ्या आहेत ते पाइनच्या लाकडाचे खुंट. खालची जमीन नदीची, ओली, म्हणून आधी लाकूड ठोकून मग पाया. बाबांनी मोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, लाकूड कुजत कसं नाही? तो माणूस खूश झाला. म्हणाला, पाण्याखाली कायम बुडालेलं लाकूड टिकतं, पाणी खाली गेलं आणि हवा लागली की कुजतं. मग दोघं दहा मिनिटं हातवारे करत बोलत होते. बाकीचे लोक वाट बघत होते, पण आई म्हणाली, "बोलू दे त्यांना."

त्या रात्री फॅमिली ग्रुपवर सातवी व्हॉइस नोट आली. बाबांची, चार मिनिटं अकरा सेकंदांची. खोलीत आम्ही चौघं होतो, तरी त्यांनी बाल्कनीत जाऊन रेकॉर्ड केली होती. हा भाग तयार करताना मी त्यांना विचारलं, ती इथे लावू का?

"नको," म्हणाले. "तुम्ही दोघांनी ऐकली ना?"